वानखडे मॅडमची हलगी

वानखडे मॅडमना गाता येत नव्हतं. हे मी त्यांच्या माघारी सांगतेय असं नाही, पहिल्याच भेटीत त्या स्वतः सांगून मोकळ्या व्हायच्या. अकोल्यातल्या ज्या मुलींच्या शाळेत त्यांनी उभी नोकरी पीटीची बाई म्हणून काढली, तिथं प्रार्थनेच्या वेळी त्यांनी नुसते ओठ हलवावेत अशी मुख्याध्यापिकाबाईंची सूचना होती म्हणे. "माह्या आवाजानं पोरी हासाच्या, अन् प्रार्थना बोंबलाची," त्या म्हणायच्या. "सूर आपल्या नशिबात नाही. ताल मातर असा हाये, का अडेल बैल बी चालाले लागन."

अशा या बाईंच्या हलगीवर आमच्या कॉलनीत डझनभर म्हातारी माणसं रोज सकाळी चालायची. मॅडमना जाऊन आता वर्ष होत आलं. अजून सकाळी चहा ठेवला की माझे कान समाजमंदिराच्या अंगणाकडे लागतात आणि मग मी स्वतःवरच चिडते.

ठेंगणा बांधा, नाकासमोर पाहून चालणं, पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. निवृत्त झाल्यावरही गळ्यातली शिट्टी उतरली नव्हती. त्या शिट्टीनं त्यांनी दूधवाल्याला थांबवलेलं आणि भांडणाऱ्या नवरा-बायकोला गप्प केलेलं मी पाहिलं आहे. माणूस कितीही मोठा असो, त्यांच्यासाठी तो इयत्ता आठवीत असायचा. निवृत्त नायब तहसीलदार रांगेत बोलले, तर त्यांना त्या शेवटी उभं करायच्या आणि तेही मुकाट्यानं जायचे. कौतुक करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. फारच कुणी चांगलं केलं तर "ठीक हाये" म्हणायच्या आणि तो माणूस दिवसभर खुशीत असायचा.

अंगणात जमणारी ही सगळी मंडळी कंपवाताची. हात थरथरतो तो लोकांना दिसतो, पण या दुखण्याची खरी खोडी पायांत असते. माणूस चालता चालता मध्येच थांबतो, विशेषतः दारात. पलीकडची खोली दिसत असते, जायचं मनात असतं, पण पाय जमिनीला डिंकानं चिकटवल्यासारखे उचलतच नाहीत. मागून कुणी ढकललं तर माणूस तोंडावर आपटतो. ज्यांच्या घरात हे नाही त्यांना वाटतं, म्हातारा नाटकं करतोय.

मॅडमना हे कळलं ते त्यांच्या थोरल्या बहिणीमुळे. ती अमरावतीला राहायची. एकदा मॅडम तिच्याकडे गेल्या होत्या आणि बहीण स्वयंपाकघराच्या दारात अडकून उभी होती. नेमकं तेव्हाच बाहेरच्या रस्त्यावरून शाळेच्या मुलींचं लेझीम चाललं होतं. लेझमाचा आवाज घरात आला आणि बहीण उंबरठा ओलांडून, ताटल्या घेऊन, पाटावर येऊन बसली. बाकी घराचं लक्ष नव्हतं. मॅडमचं होतं, कारण मुलींचे पाय पाहण्यात त्यांचा जन्म गेला होता. दुसऱ्या दिवशी त्या तिला घेऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे, ठेक्यावर काही पेशंटचे पाय सुटतात. हे आम्हाला माहीत आहे." मॅडम म्हणाल्या, "मंग सांगतलं काहून नाही?" डॉक्टर हसले. म्हणाले, सांगतो, पण घरात रोज वाजवायला बसणार कोण?

अकोल्याला परत आल्यावर मॅडम वाजवायला बसल्या. तेच डॉक्टर पुढे आपले अकोल्याचे पेशंट त्यांच्याकडे पाठवू लागले. दोघांचं एक मात्र पक्कं ठरलेलं होतं. अंगणात पाऊल टाकल्याबरोबर मॅडमचा पहिला प्रश्न असायचा, "गोळी खाल्ली काय?" नाही म्हणणाऱ्याला घरी परत. "हलगीनं दुखनं जात नाही," त्या दर सोमवारी नव्यानं बजावायच्या. "दुखनं राहीन तुमच्यापाशीच. आपल्याले फक्त त्याच्यासंगं चालाचं हाये."

आमचे बाबा या अंगणात आले ते नाइलाजानं. ते हिवरखेडचे. घरचा थोडा मळा, त्यात झेंडू आणि शेवंती, आणि बाजाराच्या दिवशी फुलांची टोपली घेऊन बसायचं, यात त्यांची सगळी हयात गेली. आई गेल्यावरही त्यांचं चाललं होतं. माझा भाऊ संजय आणि वहिनी तिथंच राहतात, पण दोघं दिवसभर मळ्यात. एका दुपारी बाबा घरात एकटे असताना मधल्या दारात अडकले, पडले, कपाळाला टाके पडले. मी त्यांना उचलून अकोल्याला आणलं. मी बँकेत नोकरी करते, घर तळमजल्यावर आहे, डॉक्टर जवळ आहेत. माझ्या मते यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं.

बाबांच्या मते होतं. त्यांनी पहिल्या दिवशीच मला विचारलं, "दसऱ्यालोक मी घरी जाईन ना?"

"बरे व्हा, दसऱ्यापर्यंत काय होतं ते बघू."

"दसऱ्याले मी बजारात नाही दिसलो, तं लोकं समजतीन म्हातारा गेला," बाबा म्हणाले. "अन् मले बी तसंच वाटन."

हे मी मॅडमना सांगितलं, तेव्हा त्यांनी सहानुभूतीचा एक शब्द काढला नाही. "दाराच्या आरपार एकटे जाऊ लागले तं पाठवशीन काय?" मी हो म्हटलं. "बसमंदी एकटे चढले तं?" मी जरा थांबून हो म्हटलं. "आता श्रावण हाये. टाइम हाये," त्या म्हणाल्या आणि बाबांना रांगेत उभं केलं.

पण बाबांचे पाय हलगीला दाद देईनात. लेझमाचा ठेका त्यांना जलद पडायचा. ते गोंधळायचे, हात जास्त थरथरायचे आणि शेवटी ते भिंतीला धरून उभे राहायचे. मॅडमना वाटलं, म्हाताऱ्या माणसाला सावकाश ठेका द्यावा. दुसऱ्या दिवशी त्यांनी हलगी एकदम संथ केली. एक ठोका, मग मोठी जागा, मग दोन ठोके. रांग निघाली आणि समाजमंदिराच्या पायरीशी शांताआजी मटकन खाली बसल्या. मी घाबरले, मला वाटलं चक्कर आली. आजींनी पदर डोक्यावर घेतला आणि मॅडमकडे पाहून म्हणाल्या, "काहून वं मास्तरीन, मी आजूक जिती हावो. आतापासूनच पोचवून राहिली काय मले?"

"काय झालं आजी?"

"हा मयतीचा ठेका व्हय. माह्या सासऱ्याले नेलं तवा वेशीलोक असाच वाजे."

एकजण हसला, मग सगळेच हसले. नायब तहसीलदार म्हणाले, मलाही तेच वाटत होतं पण बोललो तर शेवटी उभं राहावं लागलं असतं. मॅडम तेवढ्या हसत नव्हत्या. त्यांनी हलगी मांडीवर घेतली आणि पायरीवर आजींच्या शेजारी बसल्या.

त्यांचं माहेर दर्यापूरकडच्या एका खेड्यातलं. गावात कुणी मेलं की पुढे डफडं वाजवत चालायचं, हे काम त्यांच्या आजोबांच्या घराकडे होतं. काम म्हणजे सक्तीच. धर्मांतर झालं त्या वर्षी आजोबांनी ते सोडलं. "आज्यानं डफडं चुलीत घातलं, अन् त्याच्यावर च्या केला," मॅडम म्हणाल्या. "सगळ्या मोहल्ल्यानं तो च्या घेतला म्हनते. तवापासून आमच्या घरात चामड्याचं वाद्य नाही. मयतीत कसं वाजते, मले कोन सांगन? मी आयकलंच नाही."

अमरावतीला पीटीचं शिक्षण घेताना लेझमासाठी त्यांना हलगी शिकावी लागली, तेव्हा वडील त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलले नव्हते. पुढे नोकरी लागल्यावर जयंतीच्या मिरवणुकीत त्या शाळेच्या मुलींचं पथक घेऊन निघाल्या. वडील रस्त्याच्या कडेला उभे होते. एका चौकात मॅडम पाणी प्यायला थांबल्या. वडील पुढे आले, त्यांच्या हातातली हलगी घेतली आणि त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत धरून उभे राहिले. एवढंच. त्यानंतर घरात तो विषय कधी निघाला नाही.

"आज्यानं मेलेल्यासाठी वाजवनं सोडलं, मी चालनाऱ्यासाठी वाजवून राहिली," मॅडम म्हणाल्या. "दोनी बराबर हाये."

शांताआजी देखील एका खेड्यातल्याच, आणि वेशीच्या आतल्या बाजूच्या. त्या म्हणाल्या, "चांगलं केलं तुह्या आज्यानं." आणि मॅडमचा खांदा धरून उठल्या. "वाज आता. पन जलद वाज."

त्या दिवसापासून मॅडमची पद्धत बदलली. एका ठेक्यावर सगळ्यांना हाकायचं त्यांनी बंद केलं. प्रत्येकाला त्या विचारू लागल्या, तुम्ही आयुष्यभर काय करत होता? काम काय, हात कसे चालायचे, पाय कसे पडायचे? रहीमचाचा टिळक रस्त्याच्या बाजूला शिंपीकाम करायचे. त्यांनी खुर्चीवर बसून मशीनचं पायडल कसं मारतात ते दाखवलं. मॅडमनी तोच ठेका हलगीवर उतरवला आणि चाचा उठून असे चालू लागले, की त्यांची बेगम भिंतीशी उभी राहून ओढणीनं डोळे पुसायला लागली. शांताआजींना उखळात कांडायचा ठेका लागला. नायब तहसीलदारांनी आयुष्यभर शिक्के मारले होते. मॅडमनी तोही करून पाहिला, पण तो काही चालला नाही. त्यांचं शेवटी नेहमीच्या लेझमावरच भागलं.

बाबांचं मात्र घोडं पेंड खात होतं. मॅडमनी खुरपणीचा ठेका वाजवून पाहिला, पाणी देण्याचा पाहिला. भजनात बसत होता का म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, "मले तं देवाचं बी गानं येत नाही." गणपती बसले आणि उठले. एक दिवस घरात बाबा न्हाणीच्या दारात बराच वेळ उभे होते. मी हात धरायला गेले तेव्हा म्हणाले, "ठिवून घे बाई मले आता येथीच. तुह्या घरचे दरवाजे सवयीचे झाले." हे ऐकून मी आतल्या खोलीत जाऊन रडले. एवढे दिवस मला जे हवं होतं तेच ते म्हणत होते, आणि मला ते अजिबात नको होतं.

मॅडमना मी हे फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्या तुही सुट्टी हाये. त्याइले घिऊन फुलांच्या बजारात ये."

सकाळी आम्ही रिक्षानं गेलो. अकोल्याचा फुलांचा बाजार सकाळी लवकर भरतो. ओल्या गोणपाटांवर झेंडूचे ढीग आणि चिखलात तुडवलेल्या पाकळ्या. बाबांना मी एका ओट्यापाशी उभं केलं. मॅडमनी हलगी आणलीच नव्हती. त्या नुसत्या इकडे तिकडे, लोकांच्या पायांकडे बघत फिरत होत्या. आमच्या समोर एक तरुण बाई झेंडू घेऊन बसली होती. गिऱ्हाईक समोरून जात होतं आणि ती मोबाइलमध्ये पाहून मधूनच एकदा "झेंडू, झेंडू" म्हणत होती, तेही कंटाळून.

बाबा तिच्याकडे पाहत होते. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "असं इकते काय कोनी," ते पुटपुटले. आणि मग, मी काही म्हणायच्या आत, त्यांनी मान वर केली आणि हाळी दिली.

"घ्या झेंडू, घ्या झेंडू! पिवळा घ्या, लाल घ्या! आताच तोडला, घ्या झेंडू!"

आवाज पूर्वीइतका भरीव नव्हता, दुखण्यानं तो बारीक झाला होता. पण ठेका तोच. लहानपणी मी टोपलीमागे बसून हे हजारदा ऐकलं होतं आणि त्याला मी कधी गाणं समजले नव्हते. पाहते तर बाबा ओट्यापासून सुटले होते. "घ्या"वर उजवा पाय, "झेंडू"वर डावा. फुलं विकताना ते कधी बसून राहत नसत, टोपलीपुढे दोन पावलं पुढे, दोन मागे करत असत, हे मी विसरूनच गेले होते. त्या बाईच्या ढिगाला वळसा घालून ते पलीकडे जाऊन उभे राहिले. ती बाई मोबाइल खाली ठेवून तोंडाकडे पाहत राहिली.

मॅडम माझ्या शेजारी होत्या. त्या बाबांच्या तोंडाकडे पाहत नव्हत्या, पायांकडे पाहत होत्या. "सापडला," त्या म्हणाल्या. "आता घरी चाला, भूक लागली."

त्यानंतर आमच्या घरात बाजार भरू लागला. मॅडम रोज संध्याकाळी यायच्या, दाराच्या पलीकडे उभ्या राहायच्या आणि गिऱ्हाईक व्हायच्या. "कसा देला झेंडू?" बाबा हाळी द्यायचे आणि उंबरठा ओलांडायचे. मॅडम महाग म्हणून तोंड फिरवायच्या, पुढच्या खोलीत जायच्या. बाबा त्यांच्या मागे. न्हाणी, स्वयंपाकघर, अंगण, सगळी दारं अशी पार झाली. एकदा तर शेजारच्या काकू पिशवी घेऊन आल्या आणि अर्धा किलो द्या म्हणाल्या. बाबा त्यांच्याकडे पाहून ओशाळले. त्या दिवशी त्यांनी पुन्हा हाळी दिली नाही. "फुलं नाही अन् इकून राहिलो," रात्री जेवताना म्हणाले. "लोकं येडा म्हनतीन." मॅडमनी त्यांना मग हाळी मनातल्या मनात म्हणायला शिकवलं. घरात ते जमू लागलं. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही आणि पाय चालायचे.

दसरा जवळ आला. संजय हिवरखेडच्या स्टँडवर उतरवून घेणार होता. मी कबूल केल्याप्रमाणे सोबत जाणार नव्हते. मॅडम अकोला स्टँडवर निरोपाला आल्या, हलगी न घेता, रिकाम्या हातानं. मी विचारलं तर म्हणाल्या, "तेथी हलगी कोन वाजवन? संजय?" मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते तिथेच. पुढे त्या परस्पर बहिणीकडे अमरावतीला गेल्या आणि थंडीच्या दिवसांत एका पहाटे झोपेतच गेल्या.

बस लागली. स्टँडवर सणाची गर्दी होती. बाबा दारापाशी पोचले, डावा हात दांडीवर ठेवला आणि थांबले. एसटीची पायरी ही घरच्या कुठल्याही उंबरठ्यापेक्षा उंच. मागून लोक रेटू लागले. कंडक्टर म्हणाला, "चला आजोबा, गाडी लेट होऊन राहिली." बाबांचे ओठ हलत होते, मला दिसत होते. पाय हलत नव्हते. मागचा एकजण म्हणाला, म्हाताऱ्याले काहून एकट्यानं पाठवते हे लोकं. बाबांनी ते ऐकलं. त्यांच्या मानेवरून मला कळलं, की आता ते वळणार आणि घरी चल म्हणणार.

मी पुढे झाले. मॅडमनी हात आडवा करून मला अडवलं. मग पदर खोचला, बाबांच्या बगलेतून, कंडक्टरच्या कोपराखालून वाट काढत बसमध्ये चढल्या आणि मधल्या वाटेत उभ्या राहून साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ओ झेंडूवाले! कसा देला झेंडू?"

सगळी गाडी वळून पाहू लागली. बाबा लाल झाले. क्षणभर मला वाटलं, संपलं. मग त्यांनी मान वर केली.

"घ्या झेंडू," ते म्हणाले. आधी हळू. "घ्या झेंडू, पिवळा घ्या, लाल घ्या." उजवा पाय पायरीवर आला. "आताच तोडला." डावा आला. मॅडम मागे मागे सरकत होत्या. "लय महाग सांगता," त्या म्हणत होत्या. "मांगच्या बजारात सस्ता होता." बाबांचा आवाज चढला. "मंग मांगच्या बजारातच जा! असा माल भेटन काय तेथी?" एवढ्यात ते मधल्या सीटपर्यंत पोचले होते. खिडकीपाशी बसलेल्या एका म्हातारीनं मान लांब करून विचारलं, "कुठी हायेत फुलं?"

"दसऱ्याले या," बाबा म्हणाले. "हिवरखेडच्या बजारात. मीच हावो तेथी."

मला रडू फुटलं होतं आणि मी डोळे पुसतही नव्हते. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली. मॅडम आतच होत्या. मी पत्र्यावर थापा मारल्या. "मॅडम, उतरा! गाडी सुटली!" त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तू जाय घरी," त्या म्हणाल्या. "त्याइले तेथी उतराचं बी हाये ना, बापा."

गाडी गेटाकडे वळली. मला मागच्या काचेतून दिसत होतं. वानखडे मॅडम मधल्या वाटेत दांडीला धरून उभ्या होत्या, दुसरा हात हलवून भाव पाडत होत्या, आणि आमचे बाबा सीटवर बसून मान हलवत त्यांना ठाम नकार देत होते.